रत्नागिरीत हिंडायचं कसं: बोर्ड नसलेली दुकानं, घरगुती खानावळी आणि सोमवारी बंद असणारी म्युझियमं

डिसेंबर आला की माझा फोन वाजायला लागतो, मग परत मे मध्ये. पुण्याचा मावसभाऊ, ठाण्याची कॉलेजमधली मैत्रीण, तिच्या ऑफिसातलं कोणीतरी, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच, "आम्ही रत्नागिरीत येतोय रे, चांगलं जेवायला कुठे आणि बघण्यासारखं काय?" आधी मी यादी पाठवायचो. छान टाईप करून, लोकेशनसकट. मग कळलं की यादी घेतलेली माणसं त्या सहा ठिकाणी जातात, फोटो काढतात आणि परत जाताना मलाच सांगतात, छान आहे पण लहान आहे तुमचं गाव, दीड दिवसात संपलं. आता दीड दिवसात माझं एकट्या राम आळीतलं काम संपत नाही. तेव्हापासून यादी बंद. आता कोणी विचारलं की मी फक्त शोधायचं कसं ते सांगतो, आणि दर वेळी तेच तेच बोलून तोंड दुखतं म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

मुंबईवाले हसतील रत्नागिरीला शहर म्हटल्यावर. हसा. पण गोळप, पावस, हातखंबा, जयगड इकडच्या माणसाला "शहरात जाऊन येतो" म्हणजे रत्नागिरीलाच, आणि तो माणूस सकाळच्या एसटीने येतो, रहाटाघरला उतरतो, हातात दोन पिशव्या आणि डोक्यात पक्की यादी असते. आमसुलं कुठनं, कोयतीला धार कुठे लावायची, पोरीच्या लग्नाची भांडी कुणाकडे, आणि मधे भूक लागली तर उसळ-पाव कुठे. त्याने आयुष्यात कधी रिव्ह्यूचे स्टार बघितलेले नाहीत. तुम्हाला जायचंय ते त्याच्या मागे.

म्हणून एकच प्रश्न पाठ करा: "तुम्ही स्वतः कुठनं घेता?" किंवा जेवणाचं असेल तर "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" "चांगलं कुठलं" असं अजिबात विचारायचं नाही. "चांगलं" विचारलंत की समोरचा तुमच्या गाडीकडे, गॉगलकडे बघून, तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून उत्तर देतो. त्याचा दोष नाही, पाहुण्याला मोठं ठिकाण दाखवायचं ही आपल्याकडची रीतच आहे.

मला हे एका रिक्षावाल्याने शिकवलं. काका-काकू आले होते, मी इथे नवा होतो, आम्ही रिक्षात बसलो आणि मी विचारलं मासे चांगले कुठे मिळतात. त्याने सरळ नेऊन एका चकाचक एसी हॉटेलात सोडलं. सोलकढी गुलाबाच्या सरबतासारखी गुलाबी, सुरमईचा तुकडा वरून कडक आणि आतून बर्फाच्या चवीचा, बिल मात्र पापलेटचं. काका काही बोलले नाहीत पण रात्री दोनदा म्हणाले, "तुमच्याकडे मासे ताजे मिळत असतील ना?" दुसऱ्या दिवशी नेमका तोच रिक्षावाला भेटला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, हसला, आणि काही न बोलता रिक्षा वळवली. एका घराची पडवी, चार टेबलं, खाली शेणाने सारवलेलं नाही पण फरशी धुतलेली, बाहेर बोर्ड नाही, चपलांचा ढीग हाच बोर्ड. वहिनींनी विचारलं, "बांगडा आहे आज, आणि मुळे. चालेल?" चालेल? तिरफळ घातलेलं बांगड्याचं सार, मुळ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, तांदळाची भाकरी हातावर थापलेली, कडेला बोटांचे ठसे तसेच. सोलकढी विटकरी रंगाची, वर लसणाचे बारीक कण तरंगताहेत. ती आम्ही तिघांनी मिळून सात वाट्या प्यायलो. जागेचं नाव सांगत नाही, कारण नाव नाहीच आहे.

आता वेळ. पाहुण्यांची निम्मी वाट इथे लागते. दुपारी दीडनंतर चारपर्यंत बाजारात जाऊ नका. म्हणजे जा, शटरं बघायला जा. दुकानदार घरी जातो, जेवतो, पंख्याखाली आडवा होतो आणि त्यात त्याला काही चुकीचं वाटत नाही, मलाही वाटत नाही. घरगुती खानावळीत जेवण साडेबारा ते दोन. अडीचला गेलात की "संपलं हो" हे ऐकायची तयारी ठेवा, कारण तिथे सकाळी जेवढं आणलं तेवढंच शिजतं. आणि तिसरी गोष्ट, सरकारी म्युझियमं सोमवारी बंद. मी स्वतः, इथे राहणारा माणूस, चुलत सासऱ्यांना घेऊन सोमवारी थिबा पॅलेसच्या बंद दारासमोर उभा राहिलोय, तिथून निघून तीन वाजता जेवायला पोचलोय आणि मग एसटी स्टँडवर वडापाव खाल्लाय. सासरे अजून काढतात विषय.

त्यामुळे दिवस असा लावा: सकाळ माशांची आणि बाजाराची, साडेबाराला जेवण, दुपार म्युझियमची कारण तेवढंच उघडं असतं आणि आत गार असतं, चारनंतर परत आळ्या. संध्याकाळी मांडवीच्या बंदरावर बसायचं असेल तर बसा, त्याला मार्गदर्शन लागत नाही.

सकाळ म्हणजे मिरकरवाडा. साडेसहा-सातला. चप्पल रबरी घाला, पँट वर दुमडा, आणि मधे उभे राहू नका, कारण डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला तुमच्यासाठी थांबायला वेळ नसतो, ती "सर रे सर" म्हणते आणि तुम्ही सरला नाहीत तर बर्फाचं पाणी तुमच्या मानेवर. मोठा लिलाव व्यापाऱ्यांचा, तो नुसता कडेने बघायचा. तुमची खरेदी बाहेर बसलेल्या मावशींकडे. लहान मासा वाट्यावर मिळतो, मांदेली, कोळंबी, मुडदुशा असे छोटे ढीग लावलेले असतात, मोठा मासा नगावर. कल्ला उघडून बघितलात तर त्यांना राग येत नाही, उलट गिऱ्हाईक जाणकार आहे हे कळतं. कल्ला लाल हवा, चॉकलेटी नको, डोळा फुगीर आणि चकचकीत, आत गेलेला नको, बोटाने दाबलं तर खड्डा भरून यायला हवा. माझ्या बायकोने एकदा नुसतं दाबून खाली ठेवलं आणि पुढे निघाली तर मावशी मागून ओरडल्या, "घे गो बाय, तुझ्यासाठी पाच रुपये सोडते, पण मासा पावला नाही म्हणू नको." घेतला. पावला. भावात थोडं खालीवर चालतं पण निम्म्यावर मागू नका, ते अपमान केल्यासारखं वाटतं.

पर्यटक म्हणाल आम्ही कच्चा मासा घेऊन काय करू. होमस्टेत राहत असाल तर आदल्या रात्रीच विचारून ठेवा, "आम्ही मासे आणले तर करून द्याल का?" बरेच जण देतात, मसाल्याचे आणि मजुरीचे पैसे घेऊन. फक्त न विचारता पिशवी घेऊन दारात उभे राहू नका, त्या दिवशी घरात संकष्टी असू शकते.

तारखांचंही बघा. १ जूनपासून जुलै संपेपर्यंत तरी यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांची पैदास व्हायची म्हणून. तेव्हा कोणी "ताजी सुरमई" म्हणाला तर ती कुठली ते विचारा. त्या दिवसांत खाडीतला मासा, सुकट, सोडे, कुळथाचं पिठलं. श्रावणात बऱ्याच खानावळींचं चुलाणं शाकाहारी होतं. पण पावसाळ्यात येणाऱ्याला त्याबदल्यात रानभाज्या मिळतात. आठवडा बाजारात खेड्यातल्या बायका टाकळा, भारंगी, फोडशी, कुडाच्या शेंगा असे वाटे लावून बसतात, ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. भाजी घेतलीत की तिथेच विचारा कशी करायची. भारंगीचं पाणी काढून टाकायचं की नाही यावर शेजारशेजारच्या दोन बायकांचं भांडण लागलेलं मी ऐकलंय, दोघींचं ऐकून घ्या आणि पाणी काढून टाका.

बाजाराची एक युक्ती सांगतो. एका वेळी एकच आळी धरायची. रत्नागिरीत आळ्या आहेत, राम आळी, मारुती आळी, टिळक आळी, आणि गाडीतून त्या दिसतच नाहीत. गाडी मारुती मंदिराकडे किंवा जिथे जागा मिळेल तिथे लावा आणि विसरा. गोखले नाक्याच्या बाजूने राम आळीत शिरा आणि एका बाजूने चालत जा, मग दुसऱ्या बाजूने परत या. वर बघू नका, वरचे फ्लेक्स सगळे सारखेच. दुकानाच्या आत बघा. जिथे काचेचं काऊंटर नाही, लाकडी फळी आहे, गोणी उघड्या आहेत आणि मालक गिऱ्हाइकाच्या आईची तब्येत विचारतोय, तिथे थांबा. आणि पहिल्यांदा काहीतरी छोटं घ्या. दहा-वीस रुपयांचं. नुसतं विचारत फिरणाऱ्याला उत्तर तोडून मिळतं, पण आलं-लसूण घेतलंत तरी माणूस बोलता होतो, ही गोष्ट मला बायकोकडून कळली, मी आधी फुकटच प्रश्न विचारायचो.

आमसुलांचंच घ्या. पाहुणे रस्त्यावरच्या "कोकण मेवा" पाटीखाली थांबतात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातलं उचलतात. मेवा वाईट असतो असं नाही पण सगळीकडे तोच, त्याच लेबलाचा. त्याऐवजी किराण्याच्या जुन्या दुकानात जाऊन म्हणा, "घरगुती आमसुलं आहेत का, यंदाची?" ज्या दुकानात मी घेतो तिथल्या काकू डब्यात हात घालून एक आमसूल माझ्या तळहातावर ठेवतात. काळपट जांभळं, मऊ, किंचित ओलसर. बोटाने दाबलं तर वाकतं, मोडत नाही. अंगावर पांढरी मिठाची पूड चढलेली असेल तर वजनाला मीठ जास्त आहे. मग ते तोंडात टाकायचं, आधी खारट, मग आंबट, आणि आंबटपणा जिभेच्या कडांना लागायला हवा. कोकमाच्या साली त्याच्याच रसात मीठ घालून बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, परत बुडवायच्या, परत वाळवायच्या, असं पाच-सहा वेळा केलं की रंग येतो. घाईने केलेलं फिकट राहतं. त्याच दुकानात आगळ विचारा, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढी त्याची होते, आणि सरबताचं कोकम वेगळं, ते साखरेतलं. दोन्ही बाटल्या सारख्या दिसतात, माझ्या मावसभावाने आगळाचं सरबत करून ऑफिसला पाजलंय.

हापूसबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळे ज्ञान देतातच. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे पाच जिल्हे येतात, त्यामुळे बाहेरचा आंबा "रत्नागिरी हापूस" म्हणून विकणं हे कायद्यातही बसत नाही, पण बसत नसलेल्या गोष्टी मे महिन्यात हायवेला भरपूर दिसतात. रस्त्यावर पेटी घेऊ नका. होमस्टेवाल्यांना, बँकेतल्या शिपायाला, कुणालाही आपला तोच प्रश्न, तुम्ही स्वतः कुठनं घेता. इथे प्रत्येकाचा एक बागायतदार ठरलेला असतो, बहुतेक वेळा मामा किंवा मामाचा शेजारी. बागेत गेलात तर घळ बघायला मिळेल, लांब काठीला जाळी आणि पातं, आंबा देठासकट अलगद उतरतो. कोणी "रत्ना" म्हणून आंबा दिला तर फसवलं म्हणू नका, ती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून काढलेली जात आहे, १९८१ पासूनची, फळ मोठं असतं. मला स्वतःला हापूसच लागतो, पण ते माझं. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असाल तर आंबा विसरा आणि ओले काजूगर घ्या, शेकड्यावर मोजून मिळतात, मोजणारी बाई शंभरावर पाच-सहा जास्तीचे टाकते की नाही यावरून पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक ठरतं.

वस्तू न्यायची असेल तर शोपीस नेऊ नका. बुरूडकामाची रोवळी घ्या. तांदूळ धुवायची बांबूची टोपली, पाणी खाली निथळतं, दाणा एक पडत नाही. आमच्याकडे बारा वर्षं तीच आहे. लोहाराकडे कोयती आणि ती कमरेला अडकवायची आकडी. ही दुकानं मॅपवर नाहीत, तिथे कानाने जायचं, ठोकल्याचा आवाज येतो.

आता म्युझियमं. माझा अनुभव असा की लोक म्युझियम "करतात". अर्ध्या तासात थिबा पॅलेस केला, पुढे चला. मी सांगतो तसं करून बघा, टिळकांचं घर आणि थिबा पॅलेस एकाच दिवशी, याच क्रमाने.

टिळक आळीतलं घर, जांभ्याच्या दगडाचं, उतरतं कौलारू छप्पर, अंगणात झाडं. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य इथे जन्मले आणि वयाच्या दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीने पुण्याला गेले. घर बघायला वीस मिनिटं लागतात. तिथून निघून थिबा पॅलेसला जा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं मंडालेचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला राणीसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. का रत्नागिरी? कारण तेव्हा इथे ना रेल्वे ना धड रस्ता, समुद्राने यायचं आणि समुद्रानेच जायचं, पळून जाणार कुठे. सुरुवातीची चोवीस वर्षं तो दुसऱ्याच बंगल्यांमध्ये राहिला, हा राजवाडा १९१० च्या सुमारास झाला आणि १९१६ मध्ये तो गेला. म्हणजे एवढ्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं. आणि आता गंमत बघा, टिळकांना शिक्षा झाली तेव्हा इंग्रजांनी त्यांना कुठे पाठवलं? मंडालेला. १९०८ ते १९१४. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत, एकाच वेळी. हे डोक्यात ठेवून पॅलेसच्या वरच्या मजल्यावर खाडीकडच्या बाजूला उभे रहा, अर्धगोल लाकडी नक्षीच्या खिडक्यांमध्ये रंगीत काचा आहेत, दुपारचं ऊन त्यातून फरशीवर पडतं आणि समोर भाट्याची खाडी दिसते. बाकी मूर्ती, वस्तू बघा पण खिडकीत पाच मिनिटं काढाच. तिथल्या माणसाला नम्रपणे विचारलंत की राजा बसायचा कुठे, नाचाचा हॉल कुठला, तर ते पाटीवर नसलेलं बरंच सांगतात. मग थिबाची समाधी, ती शिवाजीनगरच्या भागात आहे, पर्यटक फारसे जात नाहीत. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले, आणि आपल्यातले अर्धे लोक तिच्या शेजारून रोज बाईकवरून जातात.

पोरं बरोबर असतील तर झाडगावचं मत्स्यालय. कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात आहे, जिवंत मासे टाक्यांमध्ये, आणि देवमाशाचा अख्खा सांगाडा. तो बघून बाहेर आलेली पोरं ताटातल्या बांगड्याकडे वेगळ्या नजरेने बघतात, जेवण आधी उरका. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे रोपं मिळतात, अंगण असेल तर घ्या, बाल्कनीसाठी नको.

पतितपावन मंदिर तुम्ही बघालच, सावरकर इथे स्थानबद्ध असताना १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांनी बांधून दिलं, सगळ्या जातींसाठी खुलं. त्याच्याबद्दल पाट्या भरपूर आहेत. ज्याची पाटी कोणी वाचत नाही ते म्हणजे नगर वाचनालय, १८२८ चं. राज्यातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. सकाळी तिथे गेलात तर वर्तमानपत्रं घेऊन बसलेले रिटायर्ड मास्तर, पोस्टातले, पाटबंधाऱ्यातले, अशी मंडळी असतात. आवाज करू नका. पण त्यातले कोणी बाहेर चहाला निघाले की मागोमाग निघा आणि सहज विचारा, "काका, पूर्वी राम आळीत काय काय होतं?" बस. पुढचा पाऊण तास तुमचा नाही. पण तेवढ्यात तुम्हाला जुनी खानावळ कुठली उरलीय, घावन कुठे मिळतात, कुठल्या घरी फणसाची सांदणं ऑर्डरवर करून देतात, सगळं मिळतं. तुमच्या फोनमधले रिव्ह्यू लिहिणारे इथे एक दिवस राहिलेत, हे सत्तर वर्षं राहिलेत आणि दोघांचंही मत फुकट आहे.

सांदणांवरून आठवलं, ब्राह्मणआळीत सांदण म्हणजे फणसाच्या रसाचं, आणि राजिवड्यात, मिरकरवाड्यात मुसलमान घरांत सांदण म्हणजे तांदळाचं, लुसलुशीत पांढरं, मटणाच्या रश्श्याबरोबर. रमजानात संध्याकाळी त्या बाजूला चक्कर मारा, तेव्हा जे बाहेर मिळतं ते वर्षभर फक्त घरात असतं. जाताना घाई करू नका, आधी त्यांचा रोजा सुटू द्या, मग विचारा.

शहराबाहेर जायचं तर एसटी बघा. शहरातली बससुद्धा इथे एसटीच चालवते. कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसा, प्रत्येक गावाची माहिती मिळते. आरे-वारेच्या किनाऱ्याने गणपतीपुळे, तिथे प्राचीन कोकण हे उघड्यावरचं म्युझियम, जुन्या गावाचे बलुतेदार, त्यांची घरं, अवजारं पुतळ्यांमधून मांडलेली, गाईडबरोबर फिरवतात. काहींना ते नाटकी वाटतं, मला आवडतं, माझ्या आजीच्या घरातली निम्मी भांडी तिथे आहेत. तिथून जवळच मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं घर जपून ठेवलंय आणि शेजारी स्मारक आहे. गणपतीपुळ्याला हजारो गाड्या येतात त्यातल्या फार थोड्या पुढे मालगुंडला जातात, त्यामुळे तिथे शांत बसता येतं. देवरुखला गेलात तर पित्रे कलासंग्रहालय विचारा, एवढ्याशा गावात इतकी चांगली चित्रं बघून माझा एक चित्रकार मित्र गप्पच झाला. चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ चं. २००५ चा पूर आणि मग २२ जुलै २०२१ चा पूर, दोन्हीत पाणी शिरलं, पुस्तकं गेली आणि लोकांनी परत उभं केलं. तिथे पुराच्या पाण्याची पातळी कुठपर्यंत होती ते कोणालाही विचारा, हात डोक्याच्या वर जातो.

कातळशिल्पं, म्हणजे जमिनीवरच्या जांभ्यात कोरलेली चित्रं, हवी असतील, तर उक्षीचा हत्ती रत्नागिरीपासून जवळ, कशेळीचा मोठा हत्ती राजापूरच्या बाजूला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली कातळशिल्पं गेल्यापासून वर्दळ वाढलीय. सकाळी नऊच्या आत जा, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एक झाड नाही आणि जांभा तापला की बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. आधी वाडीत जाऊन कोणालातरी बरोबर घ्या, एकटे गेलात तर त्याच सड्यावर उभे राहून "कुठे आहे?" करत बसाल, कारण चित्र पायाखाली असतं. ते चित्रावर उभे राहून फोटो आणि रेषांत खडू भरणं, ते तेवढं करू नका. पावसात गवत वाढतं, नीट दिसत नाही, नोव्हेंबरनंतर बरं.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय सगळीकडे आहे, नेटवर्क सगळीकडे नाही. शंभराच्या आणि दहाच्या नोटा ठेवा. रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा, स्टेशन गावाबाहेर आहे आणि रात्रीच्या गाडीला ते जास्तच बाहेर जातं. फोटो काढायच्या आधी विचारा, मासेवाल्या मावशींना तर नक्की, एक जण विचारून काढेल तर त्या पदर सारखा करून ऐटीत बसतात आणि न विचारता काढलात तर जे ऐकायला मिळेल ते मी इथे लिहू शकत नाही. आणि कोणी "उद्या या, उद्या ताजं असेल" म्हटलं तर त्याला आळस समजू नका, खरंच आज ताजं नसतं.

शेवटी सुकट. सगळ्यांना हवी असते आणि सगळे चुकीची बांधतात. आधी कागदात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि डबा बॅगेत कपड्यांपासून लांब. माझ्या त्याच मावसभावाने नुसत्या पिशवीत घालून एसी बसमध्ये वरच्या रॅकवर ठेवली होती. खेडच्या पुढे कंडक्टरने लाईट लावून प्रवाशांना एकेक करून विचारायला सुरुवात केली, आणि हा गडी पोलादपूरपर्यंत झोपेचं सोंग घेऊन पडला होता.